सोळा नंबरचे भाऊ, एकवीस नंबरची बहीण

उकंडरावांच्या हातून आजवर किती माणसं जन्माला आली याची मोजदाद बुलढाण्यातल्या कुठल्याच दवाखान्याला जमायची नाही. कचेरीबाहेर कडुलिंबाखाली त्यांचं टेबल. टेबलावर लाकडी पट्टी, निळं पेन, कोरे ताव आणि औषधाच्या रिकाम्या डबीत टाचण्या. धंदा अर्जनवीसाचा. पण अर्ज काय, हल्ली मोबाइलवर कोणीही खरडतो. उकंडरावांची खासियत वंशावळ. जातीचा दाखला अडला, वारसाची नोंद अडली, कुणाचा पणजा कागदात सापडेना, की लोक सांगत, अमडापूरच्या उकंडरावकडे जा, तो काढून देतो. आणि ते काढून देत. मूळपुरुष वर, त्याच्या खाली मुलगे, मुलग्यांखाली नातू, पट्टीनं मारलेल्या सरळ रेघा आणि सगळी अक्षरं एका उंचीची.

या वंशावळींत एक चमत्कार असायचा, तो इतक्या वर्षांत कोणाच्या डोळ्यात खुपला नाही. पाच-पाच पिढ्या उलटत, पण बाई एकसुद्धा दिसायची नाही. आजापासून बाप झाला, बापापासून लेक झाला, लेकापासून नातू. सगळा कारभार पुरुषांनी आपसातच उरकलेला. एखादी बाई भीत भीत विचारायची, "काका, माह्या सासूचं नाव?" उकंडराव चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बाई, तावाले जागा किती हाय ते पाय." बाईला जागा दिसायची भरपूर, पण काम तिचं अडलेलं असायचं, म्हणून ती पैसे मोजून कागद घ्यायची.

असा हा माणूस. वय सदुसष्ट, पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा, अमडापूरहून सकाळच्या एसटीनं येणार, संध्याकाळच्या एसटीनं परतणार. घरी बायको रुखमाबाई, मुलगा गजेंद्र, सून पुष्पांजली आणि पाच वर्षांची नात काजल. गजेंद्र चिखलीत कृषी केंद्रावर कामाला. घरची जमीन तीन एकर, अव्वल काळी, तिच्याबद्दल उकंडराव बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस पेन टाकून रोज नांगर धरतो. प्रत्यक्षात शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला दिलेलं होतं आणि बांधावर पाय ठेवून त्यांना दोन वर्षं झाली होती.

मागच्या वर्षी घरात दुसरी नात आली. डिंपल. दुसरीही मुलगी म्हणून रुखमाबाईंनी जी मान फिरवली ती पाच दिवस सरळ केली नाही. बाराव्या दिवशी बारसं करायचं, तर बाळाची नाळ पडेना. पंधरा दिवस झाले, वीस झाले, महिना झाला. नाळ आपली जागच्या जागी, भोवती कातडी लालबुंद. शेजारणी म्हणाल्या, बाळाची माया घट्ट आहे. रुखमाबाई म्हणाल्या, आईचा पायगुण. निदान करायला अमडापुरात डॉक्टरांचा तुटवडा कधीच नव्हता.

नाळ पडली पस्तिसाव्या दिवशी. मग ताप सुरू झाले. कानामागं फोड, हिरड्यांना चट्टे, बेंबीजवळची जखम भरायचं नाव घेईना. आणि गंमत बघा, एवढ्या जखमा, पण पू कुठंही नाही. याचा तर रुखमाबाईंना केवढा अभिमान. आल्यागेल्याला सांगत, "आमच्या खानदानाचं रक्तच चोख. पू धरतच नाई." नात तापानं फणफणलेली आणि आजी रक्ताची तारीफ करतेय, आणि उकंडराव ओट्यावर बसून मान डोलावतायत. पुष्पांजली तेवढी बाळ मांडीवर घेऊन जागची हलत नव्हती.

बुलढाण्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी सत्तर हजार. लॅबवाल्यानं यंत्र बिघडलं समजून दोनदा तपासलं. तिथून बालरोगवाल्याकडे, तिथून अकोल्याला, आणि अकोल्याहून चिठ्ठी घेऊन थेट मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथं आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर होत्या, धम्मशीला नावाच्या. मूळच्या मेहकरच्या. हे कळल्यावर उकंडरावांना आधी हायसं वाटलं, आपल्याकडचं माणूस भेटलं. मग सवयीनं त्यांनी आडनाव विचारून घेतलं, आणि हायसं वाटणं थोडं कमी झालं. नातीचा जीव टांगणीला लागलेला, तरी चौकशी बरोबर झाली पाहिजे.

धम्मशीला मॅडमनी ते बघितलं आणि सोडून दिलं. असल्या चौकशीची त्यांना लहानपणापासून सवय असावी. त्यांनी कागद पुढं ओढला आणि आपल्या मेहकरी बोलीत सांगायला सुरुवात केली.

"काका, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. त्या रक्तातून धावत राह्यतात. कुठं जखम झाली, की त्यांनी नळीच्या भिंतीले चिकटायचं आणि बाहेर पडून जंतूंशी लढायचं. लढून ज्या मरतात त्यांचा पू होतो. डिंपलच्या पेशी ढीगभर हायेत, पण त्यांले चिकटताच येत नाई. एसटी भरून येते अन् थांब्यावर न थांबता जाते. म्हणून पू नाई."

रुखमाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. चोख रक्ताची एवढी जाहिरात केली, आणि निघालं हे.

"आता चिकटते कशानं," मॅडम पुढं म्हणाल्या. "त्याले काही जनुकं लागतात, एकाच खानदानातली. माणसाच्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, त्यांचे नंबर ठरलेले. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून शोधून काढलं, कोण कोणत्या नंबरात राह्यते. तर याच्यातले तीन भाऊ सापडले सोळा नंबरात, एकाच गल्लीत, दाराले दार लागून. अन् त्यांची बहीण सापडली लांब, एकवीस नंबरात, पार शेवटाले. पण ते तिघं भाऊ तिचा हात धरल्याशिवाय पेशीच्या बाहेर पाऊल टाकू शकत नाईत. बहीण असली तर तिघं कामाचे. नसली तर तिघं असून नसल्यासारखे."

"अन् डिंपलचं काय बिघडलं?" गजेंद्रनं विचारलं.

"बहीण."

"म्हणजे भाऊ ठीक हायेत," उकंडराव म्हणाले. त्यांना उगाचच बरं वाटलं.

"भाऊ ठणठणीत हायेत काका. पण घरात बसून ठणठणीत."

मग रिपोर्ट निघाले. दोष आईकडूनही आलेला, बापाकडूनही. एकट्याकडून आला असता तर लेकराला काहीच झालं नसतं, दोघांकडून आला म्हणून आजार. उपाय एकच, दुसऱ्याच्या हाडातला मगज बाळाला देणं, आणि तो वर्ष भरायच्या आत. नशीब एवढं, की काजलचं रक्त तपासलं तर दहापैकी दहा खुणा जुळल्या. रुखमाबाईंना ते आकडे ओळखीचे वाटले. "दहाच?" त्या म्हणाल्या. "गजेंद्राच्या लग्नात तं अठ्ठावीस गुण जुळले होते."

"तेच तं झालं काकू," मॅडम म्हणाल्या. "नवराबायकोचे जरा जास्तच जुळले." आणि त्यांनी पुष्पांजलीकडे वळून विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

"नाई," पुष्पांजली म्हणाली. "माहं माहेर नांदुऱ्याचं. सोयरीक नवी."

"मग हे पाहा." मॅडमनी दोन कागद शेजारी ठेवले, एक गजेंद्रचा, एक पुष्पांजलीचा. "या जनुकात चूक शेकडो जागी होऊ शकते. तुमच्या दोघांची चूक एकाच जागी, एकाच अक्षराची."

गजेंद्रला यातलं काही कळलं नाही. रुखमाबाईंना तर नाहीच. कळलं ते एकट्या उकंडरावांना, आणि तेही शास्त्रामुळं नाही, धंद्यामुळं. दोन नकलांत एकाच शब्दात एकच चूक दिसली, की मूळ कागद एक. हे त्यांनी कैक खोटे दाखले पकडताना लोकांना छाती पुढं काढून सांगितलेलं होतं. आज छाती पुढं आली नाही. त्यांनी पाणी मागितलं.

"दोन्हीकडची वंशावळ पाठवा," मॅडम म्हणाल्या. "कोणाकोणाले तपासायचं ते मले ठरवता येईल. घरात पुढं लग्नं होतील, लेकरं होतील."

वंशावळ म्हटल्यावर घरच्यांनी एकदम उकंडरावांकडे पाहिलं. सगळ्या जिल्ह्याची काढतो, घरची काय, चुटकीसरशी काढेल.

खर्चाचं निम्मं एक ट्रस्ट उचलायला तयार झाला. उरलेल्यासाठी एक एकर जमीन विकायला हवी होती. गजेंद्रनं परतीच्या गाडीत विषय काढला, तर उकंडरावांनी आधी शेगाव यायला किती वेळ आहे ते विचारलं. मग म्हणाले, "बापदादाची जमीन हाय. पोट्टीसाठी जमीन विकतात का बे कोणी? ती उद्या लोकाच्या घरी जाईल." गजेंद्र खिडकीबाहेर बघायला लागला. चाळिशीला आलेला माणूस, पण बापासमोर त्याची जीभ अजून पाचवीत होती.

घरी आल्यावर रुखमाबाईंनी आपला निकाल लावून टाकला. दोष दोघांकडून आलाय हे त्यांनी मुंबईत ऐकलं होतं, पण अमडापूरला पोचेपर्यंत त्यातला अर्धा सोयीस्कर गळून पडला होता. "हिच्या मायकडचं हाय हे. माय बी लवकरच गेली ना हिची. आमच्यात असं कोणाले झालं नाई, यायले विचारा, यायनं वंशावळी काढल्या." आणि यांनी, म्हणजे उकंडरावांनी, काय करावं? खाकरून घसा साफ केला आणि होकाराची मान हलवली. पुष्पांजलीनं बाळासह नांदुऱ्याला जावं, इथं कामाधामाची ओढाताण होते, अशी भाषा आठवड्याभरात सुरू झाली. जाऊन परत कधी यावं, ते कोणी बोलत नव्हतं.

उकंडरावांनी घरची वंशावळ काढून फोटो मॅडमना पाठवला. नेहमीसारखी देखणी. वर मूळपुरुष, खाली वडील, वडिलांखाली तीन भाऊ, त्यात मधले उकंडराव, त्यांच्याखाली गजेंद्र. मॅडमचा निरोप दहा मिनिटांत आला, तोही गजेंद्रच्या मोबाइलवर, म्हणजे सगळ्या घरानं वाचला. 'काका, यात बायका कुठं आहेत? ही एवढी माणसं जन्माला कशी आली? भावांसोबत बहिणी लिहा, मेलेल्याही लिहा.' असा अपमान उकंडरावांचा कचेरीतल्या साहेबांनीही कधी केला नव्हता.

आता या माणसाच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं, कारण तो स्वतः सांगायचा नाही.

उकंडरावांना बहीण होती. थोरली, सोजराबाई. वडनेरच्या वानखड्यांकडे दिलेली. एक्क्याऐंशी साली वडील वारले. तेवीस वर्षांच्या, नुकत्याच हातात पेन धरलेल्या उकंडरावांनी वारसनोंदीसाठी आयुष्यातली पहिली वंशावळ काढली. वडील, खाली तीन मुलगे. खाली शपथेवर ओळ, यांखेरीज अन्य वारस नाही. बहिणीचं नाव घातलं तर तिची सही लागेल, सही मागायला गेलं तर ती कदाचित विचारात पडेल, कशाला ती कटकट. पुढं सोजराबाई नागपंचमीला माहेरी आली, तिला गावात कुठून तरी कळलं. चुलीपाशी बसून तिनं विचारलं, "उकंड्या, माहं नाव काऊन नाई रे?" त्यावर हा म्हणाला, "तू आता वानखड्याची ना." ती जेवली नाही. संध्याकाळच्या एसटीनं गेली आणि पुन्हा अमडापूरला आली नाही. काही वर्षांनी वारल्याचं कळलं तेव्हा पोस्टकार्ड मातीनंतर पोचलं, आणि खरं सांगायचं तर उकंडरावांना ते सोयीचं वाटलं. त्या नागपंचमीनंतर तिला एक लेक झाली होती, तिचं पुढं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही.

ते त्यांच्याच दारात आलं. सात वर्षांपूर्वी गजेंद्रसाठी पुष्पांजलीची माहिती आली. माय लहानपणी गेलेली, बापानं दुसरं केलेलं, चुलतीनं वाढवलेली मुलगी. कागदावर मामेकूळ लिहिलं होतं, वानखडे, वडनेर. उकंडरावांनी ते दोनदा वाचलं. वानखड्यांच्या त्या घरात लेक एकच होती, म्हणजे पोरगी सोजराबाईची नात. नात्यानं गजेंद्र तिच्या मायचा मामेभाऊ, म्हणजे नवरदेव तिचा मामाच लागत होता. सोयरीक मोडावी तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर आधी बहीण होती हे सांगावं लागणार. रुखमाबाई नांदायला आल्या तेव्हा सोजराबाईचं नाव घरात निघणं बंद झालेलं होतं, आणि एव्हाना उकंडरावांचे दोन्ही भाऊही वारलेले. मग उकंडरावांनी विचार केला, मुलगी शांत आहे, स्वयंपाक येतो, पत्रिकेत गुण अठ्ठावीस आहेत. आणि अक्षता टाकल्या. असा हा जिल्ह्यात गाजलेला वंशावळीचा माणूस.

आता मॅडमना खरं लिहावं, तर शपथेवरची ओळ खोटी ठरते, आणि सोजराबाईचा वाटा मागायला तिची नात घरातच बसलेली. न लिहावं, तर दोष पुष्पांजलीच्या मायच्या नावावर जमा होऊन ती आणि डिंपल नांदुऱ्याला जातात, आणि तिथं बाळ किती दिवस काढेल ते कोणालाही कळत होतं. उकंडरावांना लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात त्यांचे पंधरा दिवस गेले, आणि त्या पंधरा दिवसांत बाळाला आणखी दोनदा सलाइन लागलं.

एका सोमवारी दुपारी टेबलासमोर सावली पडली. उकंडरावांनी वर न बघता गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं. बसली ती पुष्पांजली. डिंपल कडेवर, पदराखाली झोपलेली, श्वास तेवढा मोठ्यानं ऐकू येत होता.

"तू काऊन आली इथी?"

"अर्ज लिहायचा हाय मामाजी."

"घरी सांगतलं असतं."

"घरी तुम्ही लिहीत नाई. इथी लिहिता." तिनं पदर सारखा केला. "मॅडमनं मले बी विचारलं होतं, मायच्या मायचं नाव काय. मले ठाव नव्हतं. चुलतीले फोन केला. तिनं एका म्हाताऱ्या नणंदेले विचारलं. आजी सोजराबाई. माहेर अमडापूर. भाऊ तीन, मधला बुलढाण्याले कचेरीबाहेर कागद लिहीत बसते."

शेजारच्या टेबलावर नागसेन स्टॅम्पपेपर मोजत होता. त्याचे हात थांबले. उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो उठून चहाला गेला. इतकी वर्षं शेजारी बसून कोणत्या वेळी उठायचं ते त्याला समजायला लागलं होतं.

"लिहा," पुष्पांजली म्हणाली. "अर्जदार मी. गैरअर्जदार तुम्ही. मयत आजीचं नाव वारसात लावून मिळावं."

उकंडराव म्हणाले, लेकराबाळांच्या घरात असं करत नाहीत. म्हणाले, लोक काय म्हणतील. म्हणाले, या अर्जाला दोन वर्षं लागतात, निकाल काय लागेल सांगता येत नाही. शेवटचं तेवढं खरं होतं.

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "माह्या पोरीपाशी दोन वर्षं नाईत. म्हणून मी हा आत देणार नाई. माह्या पेटीत ठेवणार. एक एकराचं गिऱ्हाईक तुम्ही या शुक्रवारपर्यंत आणा. नाई आणलं, तं सोमवारी मी येऊन अर्ज देते, मग तीनही एकर अडकून राहू द्या. अन् आत्याबाईले आज घरी जाऊन सांगा, हे कोणाकडून आलं ते. दोन्हीकडून आलं. अन् दोन्ही बाजू तुमच्याच."

तिचा आवाज चढला नव्हता. सात वर्षं या बाईनं घरात आवाज चढवला नव्हता, आणि घरानं त्याचा अर्थ तिला बोलता येत नाही असा घेतला होता.

उकंडरावांनी ताव ओढला. चाळीस वर्षांचा हात, तो आपोआप चालायला लागला. प्रति, विषय, अर्जदार, गैरअर्जदार. स्वतःचं नाव लिहिताना त्यांनी वडिलांचं नाव, वय, राहणार, सगळं रीतसर लिहिलं. मजकूर कायद्याच्या भाषेत चोख उतरला. आपल्याविरुद्ध इतका पक्का अर्ज आपणच लिहू शकतो याचं त्यांना तशातही बरं वाटून गेलं, स्वभावच तो. पुष्पांजलीनं सही केली, कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"शुक्रवारी हिंमतराव मोजणीले येईल," उकंडराव खाली बघत म्हणाले. "बांधाले बांध हाय त्याचा, कधीचा एकर मागून राह्यला."

"हाव. आता मॅडमची वंशावळ. अर्जाले बी तीच जोडायची."

त्यांनी दुसरा ताव घेतला. पट्टी ठेवली. वडिलांपासून तीन रेघा मारल्या, तीन भाऊ लिहिले. मग चौथी रेघ मारली. ती मारायला जागा होती. तिच्याखाली लिहिलं, सोजराबाई, मयत. लिहून झाल्यावर त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसले, इस्त्रीचा विचार न करता. सोजराबाईखाली एक रेघ मारली, तिच्या एकुलत्या लेकीची. तिच्याखाली पुष्पांजली, पुष्पांजलीखाली काजल आणि डिंपल लिहून झालं. मधली त्या लेकीची जागा तेवढी मोकळीच राहिली.

लग्नपत्रिकेत सावत्र आईचं नाव छापलं होतं. मामेकुळात आडनाव तेवढं होतं. सून घरात येऊन सात वर्षं झाली होती. उकंडराव पेन धरून बसले, कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तुह्या मायचं नाव काय होतं?"

पुष्पांजलीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"जयमाला," ती म्हणाली. "तुमची भाची होती."